चार आण्याचा पिक्चर, बारा आण्याची वर्गणी

हॉस्टेलवासी प्राण्याच्या मूलभूत गरजा तीन : मेस, मॅगी आणि मूव्ही! पैकी पहिल्या दोहोंचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. मेसचं बिल शंभर रुपयांनी वाढलं की वॉर्डनच्या केबिनबाहेर मोर्चा निघतो. कॅन्टीनवाल्याने मॅगी दोन रुपयांनी महाग केली तर आठवडाभर तोच विषय. तिसऱ्या गरजेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. 'महिना फक्त इतके रुपये' असं वाचायचं, ओके दाबायचं आणि विसरून जायचं. पैसे कुणाचे? घरून आलेले. जातात कधी? कळतही नाही.

या सत्रात आमच्या विंगमधल्या सहा जणांनी वर्गणी काढून 'पिक्चरची काहीतरी सोय करू या' असा ठराव पास केला. मेस कमिटीत एक वर्ष काढल्यामुळे हिशेबाची वही आपसूक माझ्याकडे आली. 'सगळ्यात स्वस्त काय ते तू सांग,' एवढाच आदेश होता. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. चार ॲपचे दर लिहायचे, सर्वांत लहान आकड्याभोवती गोल करायचा, संपलं. पण जसजसा खोलात गेलो तसतसं दिसत गेलं की पिक्चर भाड्याने देण्याचा धंदा चाळीस-पन्नास वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरतोय : भाडं घेणारा माणूस किती बघणार आणि किती विसरणार? आपल्याला स्वस्त काय पडेल याचं उत्तरही त्याच प्रश्नात आहे. म्हणून आधी थोडा इतिहास, मग गणित, आणि शेवटी आपल्या कामाच्या चार गोष्टी. (घाबरू नका, गणित बेरीज-भागाकाराचंच आहे. एम-थ्री नाही!)

एक रात्र, तीन कॅसेट

आपल्या आईबाबांना किंवा कॉलेजमधल्या एखाद्या सीनियर सरांना विचारा, 'व्हिडिओ आणणे' म्हणजे काय? डोळ्यांत चमक येईल. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच सुमारास व्हीसीआर नावाचं यंत्र गावोगावी दिसू लागलं. विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. मग चाळीतले, गल्लीतले लोक वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेट असा सगळा सेट एका रात्रीसाठी भाड्याने आणत. रात्री जेवणं उरकली की पहिला पिक्चर सुरू, आणि शेवटचा संपेपर्यंत कोंबडा आरवलेला असायचा.

एका रात्रीत तीन-तीन पिक्चर का बघत असतील? हौस होतीच, पण हिशेबही होता. यंत्राचं भाडं रात्रीचं ठरलेलं असे. एक पिक्चर बघा नाहीतर तीन, ते बदलत नाही. आपल्या इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या भाषेत तो स्थिर खर्च. कॅसेटचं भाडं मात्र दर पिक्चरमागे, म्हणजे बदलता खर्च. स्थिर खर्च जितक्या पिक्चरमध्ये वाटला जाईल तितका एक पिक्चर स्वस्त. आणि बघणारी माणसं जितकी जास्त, तितकं डोई भाडं कमी. ज्यांनी इकॉनॉमिक्सचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं त्यांना हे बरोबर कळत होतं. आपण मात्र युनिट टेस्टला दोन मार्कांचं उत्तर लिहून मोकळे होतो.

दंडावर चाललेला धंदा

कॅसेट लायब्ररीचा दुसरा नियम : उशीर झाला की दंड. दुकानदाराची बाजूही खरी आहे. त्याच्याकडे एका पिक्चरच्या दोन-तीनच कॅसेट. तुम्ही ती चार दिवस टीव्हीवर ठेवून दिली तर चार गिऱ्हाइकं परत गेली. पण दंडाची गंमत अशी की तो भाड्यापेक्षा मोठा होतो आणि झाल्याशिवाय जाणवत नाही. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

अमेरिकेत याच दंडावर केवढं महाभारत झालं ते वाचण्यासारखं आहे. १९८५ साली डॅलसमध्ये सुरू झालेली ब्लॉकबस्टर ही तिथली सर्वांत मोठी व्हिडिओ दुकानांची साखळी, आणि उशिराचा दंड हा तिच्या कमाईचा मोठा भाग. लोक वैतागलेले. शेवटी जानेवारी २००५ मध्ये कंपनीने 'आता दंड बंद' अशी दणक्यात जाहिरात केली. पण खालची अट अशी होती की मुदतीनंतर आठवडाभरात डिस्क परत आली नाही तर ती तुम्ही विकत घेतली असं धरून पूर्ण किंमत कार्डावरून कापली जाईल. नंतर परत केलीत तर ती किंमत परत मिळेल, पण सव्वा डॉलर वजा होईल. म्हणजे दंड गेला आणि आडनाव बदलून परत आला! मार्च २००५ मध्ये ४७ राज्यांच्या सरकारी वकिलांशी कंपनीला तडजोड करावी लागली. सप्टेंबर २०१० मध्ये ब्लॉकबस्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नेटफ्लिक्सचा जन्मही दंडाच्या गोष्टीतूनच झाला असं सांगतात. 'अपोलो १३' ची कॅसेट परत करायला उशीर झाल्याने चाळीस डॉलर दंड पडला आणि त्यातून कल्पना सुचली, असं संस्थापक रीड हेस्टिंग्ज सांगत. दुसरे संस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी मात्र २०१९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की ही गोष्ट सांगायला सोयीची होती, कंपनी काही तशी सुरू झाली नव्हती. असो. मुद्दा असा की 'आमच्याकडे दंड नाही' हेच त्यांच्या जाहिरातीचं मोठं हत्यार होतं.

तीन डिस्क आणि लिटलचा नियम

नेटफ्लिक्स म्हटलं की आपल्याला स्क्रीनवरचं लाल अक्षर आठवतं. पण ही कंपनी १९९८ पासून डीव्हीडी चक्क पोस्टाने घरी पाठवत होती, आणि शेवटची डिस्क तिने २९ सप्टेंबर २०२३ रोजी रवाना केली. सुरुवातीला दर डिस्कमागे भाडं होतं. सप्टेंबर १९९९ मध्ये मासिक वर्गणी आली. पुढे योजना अशी झाली की एका वेळी तीन डिस्क तुमच्याकडे, हव्या तितके दिवस ठेवा, एक परत आली की यादीतली पुढची निघते. २००४ च्या अखेरीस याचा दर होता महिना १७.९९ डॉलर.

'हव्या तितक्या' म्हणजे किती हो? इथे आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधला लिटलचा नियम कामाला येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. रांगेत सरासरी जितक्या वस्तू आहेत, त्या भागिले प्रत्येक वस्तू रांगेत घालवते तो वेळ, बरोबर वस्तूंचा वेग. इथे वस्तू म्हणजे डिस्क. तुमच्या नावावर तीन डिस्क फिरतायत. समजा एका डिस्कला यायला एक दिवस, बघायला दोन, परत जायला एक आणि पुढची निघायला एक. एकूण पाच दिवस. म्हणजे महिन्याला ३ × ३० ÷ ५ = १८ डिस्क. दर डिस्क साधारण एक डॉलर. एकदम झकास!

आता तोच माणूस डिस्क दोनऐवजी दहा दिवस टेबलावर ठेवतो असं धरा. फेरी झाली तेरा दिवसांची. ३ × ३० ÷ १३ म्हणजे जेमतेम सात डिस्क. एका डिस्कला अडीच डॉलरच्या वर. वर्गणी तीच, कंपनी तीच, डिस्क तीच. स्वस्त-महाग ठरवलं ते टेबलावर पडून राहिलेल्या दिवसांनी. दंड नाही म्हणून ग्राहक खूश आणि डिस्क कपाटावर धूळ खातेय म्हणून कंपनीही खूश, कारण पोस्टाचा खर्च वाचला.

उलट जो खरंच अठरा डिस्क बघायचा तो कंपनीला परवडत नसे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहकाने दावाच लावला की जाहिरातीत 'अमर्याद' म्हणता आणि जास्त बघणाऱ्याला डिस्क उशिरा पाठवता. पुढे तडजोड झाली आणि कंपनीने आपल्या अटींत लिहिलं की कमी डिस्क घेणाऱ्यांना आधी पाठवलं जाऊ शकतं. यातून आपण घ्यायचा धडा एकच. मासिक वर्गणीचा धंदा जास्त बघणाऱ्यांच्या नव्हे, तर पैसे भरून कमी बघणाऱ्यांच्या जिवावर चालतो. मग आपण कोणत्या गटात, ते आधी तपासा.

अठ्ठावीस रुपयांचा धक्का

आता आपल्याकडे येऊ. कॅसेट गेल्या आणि सीडी आल्या. व्हीसीडीवर चित्राचा वेग सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट, आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं. आपला हिंदी पिक्चर अडीच-तीन तासांचा, म्हणून 'दोन सीडीचा की तीन सीडीचा?' हा प्रश्न. (आणि चरे नेमके शेवटच्या सीडीवरच!) २००० नंतरच्या दशकात डीव्हीडी घरपोच देणाऱ्या सेव्हन्टीएमएम, बिगफ्लिक्स अशा कंपन्याही मोठ्या शहरांत आल्या.

पण भाड्याच्या धंद्याला मोठा धक्का दिला तो विक्रीनेच. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. समजा कोपऱ्यावरची लायब्ररी सीडीचं भाडं दिवसाला पंधरा रुपये घेते. दोन दिवस ठेवली की तीस. मग विकतच का घेऊ नये? भाडं परवडतं ते किंमत भाड्यापेक्षा बरीच मोठी असेल तोवरच. हाच नियम आजही लावा. एखाद्या पिक्चरचं भाडं १२० आणि कायमची खरेदी १५० ला असेल, आणि तो तुम्ही दरवर्षी दिवाळीत बघत असाल, तर भाड्याने घेणं हा घाट्याचा सौदा.

आज हातात काय आहे?

आज घरी किंवा रूमवर पिक्चर बघायचे सरळ मार्ग तीन.

पहिला, दर पिक्चरमागे भाडं. यूट्यूब, ॲपल, प्राइम व्हिडिओ अशा ठिकाणी एकेक पिक्चर भाड्याने मिळतो. प्राइम व्हिडिओने भारतात हे दुकान एप्रिल २०२२ मध्ये उघडलं तेव्हा भाडं ६९ ते ४९९ रुपये असं जाहीर केलं होतं, आणि त्यासाठी प्राइमचं सभासद असण्याची अट नव्हती. नियम साधारण असा : पैसे भरल्यापासून तीस दिवसांत कधीही सुरू करा, आणि एकदा सुरू केला की बहुतेक वेळा ४८ तासांत संपवा. मुदत पिक्चरगणिक बदलू शकते, ती बटण दाबण्याआधी वाचा.

दुसरा, मासिक वर्गणी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर खाली आणले, तेव्हा फक्त मोबाइलवरचा प्लॅन १४९, एका स्क्रीनचा बेसिक १९९, दोन स्क्रीनचा ४९९ आणि चार स्क्रीनचा ६४९ रुपये होता. दर बदलत राहतात, म्हणून तुम्ही घ्याल त्या दिवशीचा आकडा बघा आणि खालच्या गणितात तो घाला.

तिसरा, वार्षिक वर्गणी. प्राइमचे एप्रिल २०२३ मधले दर होते महिन्याला २९९ आणि वर्षाला १४९९. वरवर पाहता वर्षाचं घेणं शहाणपणाचं वाटतं. १४९९ भागिले २९९ केलं की येतात पाच. म्हणजे वर्षातले सहा किंवा जास्त महिने खरंच बघणार असाल तरच वार्षिक फायद्याची. आता आपलं कॅलेंडर आठवा. इंटर्नल, सबमिशन, ओरल, युनिव्हर्सिटी परीक्षा, पुन्हा तेच. निवांत महिने म्हणजे दिवाळीचा एक आणि उन्हाळ्याचे दोन. तीन महिन्यांचे होतात ८९७ रुपये. वार्षिक वर्गणीत उरलेले सहाशे रुपये आपण परीक्षेच्या काळात ॲप न उघडण्यासाठी भरतो!

आमच्या विंगचा ताळेबंद

आता ब्रेक-इव्हन. सूत्र सोपं आहे : मासिक वर्गणी भागिले एका पिक्चरचं भाडं. उत्तरापेक्षा जास्त पिक्चर बघत असाल तर वर्गणी घ्या, कमी बघत असाल तर भाडं भरा.

आमच्यासाठी मी वर्गणी ४९९ आणि भाडं सरासरी १२० धरलं. ४९९ ÷ १२० = ४.१६. म्हणजे महिन्याला पाच किंवा जास्त पिक्चर झाले तरच वर्गणी फायद्याची. सगळ्यांना विचारलं, महिन्याला किती बघतो आपण? उत्तरं आली आठ, दहा, एकाने तर पंधरा सांगितले. मग मी वेगळा प्रश्न विचारला. मागच्या महिन्यात सहा जणांनी मिळून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलेले पिक्चर कोणते, नावं सांगा. बराच वेळ डोकं खाजवल्यावर नावं निघाली दोन! बाकीचे अर्ध्यात सोडलेले, नाहीतर नुसतेच ट्रेलर.

दोन पिक्चरचं भाडं २४० रुपये, डोई चाळीस. वर्गणी घेतली असती तर डोई ८३ रुपये, आणि एक पिक्चर पडला असता अडीचशेला. म्हणून वर्गणी गोळा करताना 'किती बघायचे आहेत' हा आकडा कधीही धरू नका. 'मागच्या महिन्यात किती पूर्ण बघितले' हाच धरा. पहिला आकडा सबमिशनच्या वेळापत्रकासारखा असतो, कागदावर फार सुंदर.

यावर एकाने आक्षेप घेतला, आणि तो बरोबर होता. त्याला सिरीजही बघायच्या असतात आणि त्या एकेक भाड्याने घेणं परवडत नाही. मान्य. जो एकटा रोज रात्री दोन एपिसोड बघतो त्याच्यासाठी एका स्क्रीनचा मासिक प्लॅनच स्वस्त. पण तो त्याचा खर्च झाला, सहा जणांच्या माथी मारायचा नाही. दुसरा मुद्दा उपलब्धतेचा. भाड्याच्या दुकानात असलेला पिक्चर वर्गणीच्या ॲपवर असेलच असं नाही. तेव्हा ज्या चार-पाच पिक्चरसाठी आपण पैसे भरतोय ते तिथे आहेत का हे आधी शोधा. नाहीतर व्हायचं काय, वर्गणी भरायची आणि वर भाडंही!

न दिसणारे खर्च

आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात राहणारे खर्च चार. तेही धरले पाहिजेत.

डेटा : नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार साध्या दर्जाला तासाला सुमारे १ जीबी आणि एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. अडीच तासांचा पिक्चर एचडीत बघितला तर साडेसात जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे झेपायचं नाही. मध्यंतरापर्यंतच डेटा संपतो आणि मग वरून टॉप-अप. वायफाय असेल तिथे आधी डाउनलोड करा. फोनच्या सहा इंची पडद्यावर साधा दर्जा पुष्कळ होतो, तेवढ्यासाठी एचडीचे पैसे मोजू नका.

वेळ : स्वस्त प्लॅनमध्ये जाहिराती असू शकतात. प्राइम व्हिडिओनेही भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे, असं केलं. तुम्हाला जाहिराती चालत असतील तर उत्तम. चालत नसतील तर तो जादा आकडा वर्गणीत मिळवूनच ब्रेक-इव्हन काढा.

वाटणी : घरचं खातं हॉस्टेलवर वापरायचं हा जुना उपाय आता सगळीकडे चालत नाही. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ रोजी भारतात स्पष्ट केलं की एक खातं एका घरासाठी. त्यामुळे 'ताईचा पासवर्ड आहे ना' यावर महिन्याचं बजेट बेतू नका.

आणि चौथा, सर्वांत मोठा : विसरणं. जुन्या लायब्ररीत कॅसेट परत द्यायला विसरलो की दंड. आज परत द्यायचं काही नसतं, म्हणून दंडही नाही. पण वर्गणी बंद करायला विसरलो की पुढच्या महिन्याचे पैसे गेले. माझ्या मते ऑटो-पे हाच आजचा दंड आहे. फरक इतकाच की लायब्ररीवाला काका निदान तोंडावर ओरडायचा, हा मुकाट्याने कापून घेतो.

यावर उपाय आपल्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशी आपोआप रक्कम कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला सूचना यावी लागते. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. यूपीआयवर ऑटो-पे दिलं असेल तर त्याच ॲपमध्ये मँडेटची यादी सापडते, तिथून ते रद्द करता येतं. आणि सर्वांत सोपी युक्ती : ज्या दिवशी वर्गणी घ्याल त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण बंद करून टाका. बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत पिक्चर दिसत राहतात. पुढच्या महिन्यात हवं वाटलं तर पुन्हा भरा. म्हणजे पैसे देण्यासाठी आठवण ठेवावी लागेल, वाचवण्यासाठी नाही.

कायदा आणि आपल्या खोल्या

भाड्याने घेतलेला पिक्चर कुठे दाखवायचा यालाही मर्यादा आहे, आणि इथे हॉस्टेलचा थेट संबंध येतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पिक्चरची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्कही निर्मात्याकडे ठेवला आहे. आपण भाडं भरतो ते खासगी बघण्याचं. रूमवर चार मित्रांनी मिळून लॅपटॉपवर पिक्चर बघणं वेगळं. तोच पिक्चर लॅनवरून सगळ्या मजल्यांना एका वेळी दाखवणं हे मात्र वेगळं प्रकरण. कायद्यातल्या 'जनतेपर्यंत पोचवणे' या व्याख्येच्या स्पष्टीकरणात, एकाच वेळी अनेक निवासी ठिकाणी पोचवण्याबद्दल बोलताना, हॉटेलच्या आणि हॉस्टेलच्या खोल्यांचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे. कायदा लिहिणारा बहुधा हॉस्टेलला राहिलेला असावा! गॅदरिंगला किंवा कॉमन हॉलमध्ये सर्वांसाठी पिक्चर लावायचा असेल तर वितरकाकडून प्रदर्शनाची परवानगी घ्या. घरगुती भाडं तिथे चालत नाही.

राहिला पेनड्राइव्हवरून फिरणारा 'फुकट' मार्ग. तो मी हिशेबात धरलेला नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने पिक्चरची चोरटी प्रत करणं आणि पसरवणं यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. तीन लाख भागिले १२० किती होतात ते तुम्हीच काढा.

फुकट, पण सरळ मार्गाने

खिशात काहीच नसेल तर? तरीही मार्ग आहेत. आपल्याकडे पिक्चरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणाऱ्या या चित्रपटाचा कॉपीराइट २०१३ च्या अखेरीस संपला. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, त्याचा २०१९ अखेर. तेव्हा इतका जुना पिक्चर भाड्याने घेण्याआधी तो फुकट कुठे आहे का, एवढं शोधून बघा. प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या इफ्फीत 'वेव्हज' हे ॲप सुरू केलं, त्यातही फुकट बघण्यासारखं बरंच आहे. पुण्यातल्या मंडळींना तर १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जवळच आहे. तिथे होणाऱ्या खेळांवर लक्ष ठेवा. मोठ्या पडद्याची सर लॅपटॉपला नाही.

थोडक्यात सांगायचं तर

१. मागच्या महिन्यात पूर्ण बघितलेल्या पिक्चरची नावं लिहा. नाव आठवत नसेल तर तो धरायचा नाही.

२. वर्गणी भागिले भाडं करा आणि पहिल्या आकड्याशी ताडून बघा.

३. सत्र चालू असताना चार-सहा जणांत एकेक पिक्चर भाड्याने घ्या. डोई वीस-तीस रुपयांत काम होतं, चहा-वड्याच्या भावात.

४. भाड्याचा पिक्चर तीन तास मोकळे असतील तेव्हाच सुरू करा, कारण घड्याळ पहिल्या मिनिटापासून पळतं. ज्याचं प्रॅक्टिकल आडवं आलं त्याला त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशी बघता येतो, ४८ तास त्यासाठीच आहेत.

५. मासिक वर्गणी सुट्टीत घ्या, आणि घेतली त्याच दिवशी नूतनीकरण बंद करा.

६. वार्षिक वर्गणी घेण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा.

आमच्या विंगने तिसरा मार्ग धरला आहे. वही माझ्याकडेच आहे. दर पिक्चरनंतर सहा नावांपुढे वीस-वीस रुपये लिहायचे, की झालं. यात एक अनपेक्षित फायदा झाला तोही सांगतो. खिशातून वीस रुपये गेले की पिक्चर निवडताना भांडणं होतात, समीक्षण वाचलं जातं, आणि एकदा लावला की कुणी मध्येच फोन घेऊन बाहेर जात नाही. वर्गणीच्या ॲपवर आम्ही अर्धा तास नुसती पोस्टरं सरकवत बसायचो. आता शुक्रवारी मेसमध्ये ठरतो आणि शनिवारी रात्री बघून होतो. या महिन्यात तीन झाले. तिन्हीची नावं मला पाठ आहेत!